एकदाच विचारलं

"आता हे सांगितलं तर तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाई," शंकररावांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली, "पन तिथली यष्टी म्हातारं मानूस बघितलं की गुडघं टेकती."

म्हाळूच्या हॉटेलात बाकावरच्या मारुतरावांना असा ठसका लागला, की निम्मा चहा त्यांच्याच धोतरावर सांडला.

"यष्टी गुडघं टेकती? कुणापुढं?"

"थांब्याव येती. फुस्स करून हवा सोडती, आन् दाराच्या अंगाला खाली बसती. बैल बसतो तशी. म्हातारी चढली की परत उभी ऱ्हाती, मंगच हालती."

"आन् कंडक्टर काय करतो तवर?"

"कंडक्टर न्हाईच तिथं."

"तरीच!" मारुतरावांनी मांडीवर थाप मारली. "आवं, उभी हयात शिरूर-दौंड गाडीवर गेली तुमची. म्हातारीचा एक पाय रस्त्याव आन् एक पायरीव आसतानी डबल बेल मारनारं तुम्ही! सपनात आली आसंल ती गाडी, त्या म्हाताऱ्यांचा तळतळाट घिऊन."

हॉटेल हसलं. म्हाळूनं भट्टीवरचं दूध खाली घेत हसून घेतलं. शंकररावही हसले, कारण हसणाऱ्यांत सामील झालं की हरल्यासारखं दिसत नाही, हे त्यांना एसटीच्या नोकरीनं शिकवलं होतं.

गंमत अशी, की त्या सबंध वर्षात त्या हॉटेलात शंकररावांनी सांगितलेल्या गोष्टींत तेवढी एकच खरी होती. त्यांच्या नातीनं, करुणानं, इंग्लंडातली ती बस त्यांना फोनवर दाखवली होती. बाकी करुणा वर्गात शिरली की गोरे मास्तर खुर्ची सोडून उभे राहतात, तिथल्या मेंढ्या लाल दिवा लागला की रस्त्याच्या कडेला थांबून रवंथ करतात, हे सगळं न्हावरे गावानं चहाबरोबर बिनतक्रार गिळलं होतं. खरं सांगायची वेळ आली की शंकररावांना साक्षीदार मिळत नसे. हे त्यांचं जुनं दुखणं.

त्यांची जीभ म्हणजे शिरूर आगाराची गाडीच. ब्रेक दाबला तरी दोन हात पुढं जाऊन थांबायची. तरुणपणी इनामगावला पुराणवस्तूंची मोठी खोदाई चालली होती, तेव्हा ते तिथं पाट्या वाहायला जात. एवढं खरं. पण पुढं ते सांगत, की एक रांजण उचलला तर खाली झाकलेलं मडकं, मडक्यात तीन हजार वर्षांमागची आमटी, आणि ती अजून कोमट. सगळे हसत. फक्त लहानगी करुणा त्यांच्या मांडीवर बसून गंभीरपणे विचारायची, "आबा, खारट होती का?"

"जराशी अळणी व्हती. त्या वक्ताला मीठ कुठलं मिळतंय?"

करुणाची आई लवकर गेली. बाप रोहन दौंडला रेल्वेत, त्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक त्याचं त्यालाही कळायचं नाही. म्हणून पोर न्हावऱ्यातच शंकरराव आणि चांगुणाबाईंकडे वाढली. शिरूरच्या कॉलेजात असताना एकदा ती मैत्रिणींबरोबर इनामगावला जाऊन आली. दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "आबा, आमटीचं खोटं होतं. पण मडकी खरी आहेत." त्या दिवसापासून पोरगी मडक्यांच्या मागं लागली. आणि लागली ती अशी, की सरकारी शिष्यवृत्ती मिळवून थेट इंग्लंडला निघाली.

"मडकी शिकाया विलायत?" मारुतराव म्हणाले होते. "कुंभाराच्या हितं बशीवली आसती तर संध्याकाळी घरी तरी आली आसती."

पण दौंड स्टेशनवर तिला सोडायला तेही आले. अख्खी वस्ती जीपगाड्यांत कोंबून आली होती. मंडळाचा अध्यक्ष सम्राट निळे फेटे घेऊन आला, चांगुणाबाईंनी शेंगदाण्याच्या चटणीचे डबे आणले, आणि मुंबईची गाडी फलाटाला लागल्यावर शंकररावांनी नातीला बाजूला घेतलं. एरवी त्यांचा सल्ला म्हणजे दहा वाक्यांत नऊ थापा. त्या दिवशी एकही नव्हती.

"हे बघ, परक्या मुलखात कुणी काय बी देऊ केलं तर पहिल्या बोलाला हात पुढं करायचा न्हाई. नको म्हनायचं. हापापलेलं दिसायचं न्हाई आपुन. ज्याला खरंच द्यायचं आसतं ना, तो दुसऱ्यांदा इचारतो."

"माहितीये, आबा. लहानपणापासून ऐकतेय."

ती ऐकतच वाढली होती. शंकररावांच्या बापाला, धोंडिबाला, गावातल्या लग्नात मांडवाबाहेर बसवायचे. पंगती उठल्यावर कुणीतरी येऊन, तोंड दुसरीकडं करून, 'खातूस का रं?' असं विचारायचं. धोंडिबा पोटात आग पेटलेली असतानाही 'पोट भरलंय' म्हणायचा. पोरांनाही म्हणायला लावायचा. बहुतेकदा विचारणारा तसाच निघून जायचा, आणि बाप-लेक उपाशी घरी यायचे. पण कधीतरी एखादा थांबायचा, तोंडाकडं बघायचा, म्हणायचा, 'आरं, खरंच खा की.' त्या दिवशी धोंडिबा जेवायचा, आणि जेवताना ताठ बसायचा. गाव पुढं बदललं, पंगत एक झाली, शंकररावांच्या अंगावर सरकारी खाकी आली. घराची ही रीत मात्र राहिली. पाहुण्याकडं पहिला चहा 'नको', दुसऱ्याला 'अर्धा', तिसऱ्याला कप हातात. करुणालाही ती भाषेसारखी येत होती, न शिकता.

फोन रविवारी दुपारी यायचा. शंकरराव तो तांब्याला टेकवून ठेवत, आवाज मोठा करत, म्हणजे चांगुणाबाईंनाही ऐकू जाई. पडद्यात पोरीचं तोंड आणि तिच्या मागं ढगाळ खिडकी. सुरुवातीला ती हसत हसतच सांगायची.

"आबा, शेजारच्या खोलीतल्या मुलीनं काहीतरी बटाट्याचं केलं होतं. मस्त वास. मला म्हणाली, खाणार का? मी म्हटलं, नको नको. तर तिनं झाकण लावलं अन् गेली की! मी बसले तिथंच, वास घेत."

"परत न्हाई इचारलं?"

"परत? ती तर भांडं घासून झोपली."

शंकरराव खो खो हसले. करुणाही हसली. दुसऱ्या दिवशी म्हाळूच्या हॉटेलात ते सांगत होते, "लोकं जेवाया बोलवून बोलवून दमली. पन आपली पोर कुनाच्या दारात जाईल तर शपथ."

मग भाकरीची गोष्ट. करुणानं तव्यावर भाकरी टाकली, जराशी करपली, आणि छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. सगळी इमारत पायजम्यांत, थंडीत, रस्त्यावर. कुणी तिला बोललं नाही. रागावलंही नाही. फक्त सगळे तिच्याकडं न बघता उभे राहिले. त्या दिवसापासून तिनं तवा काढला नाही. हॉटेलात त्याचं झालं, "भाकरी कशी फुगती ते बघाया सगळी बिल्डिंग खाली उतरली!"

"तिथं 'कशी आहेस' विचारतात ना आबा, पण ऐकायला थांबत नाहीत. मी सांगायला तोंड उघडते, तोवर माणूस जिन्याखाली."

हॉटेलात: "जाता-येता खुशाली इचारत्यात गोरी मानसं. आपल्यात कोन इचारतंय?"

म्हणजे पोरगी जे जे दुःख सांगायची, ते ते शंकरराव उलटं करून, इस्त्री मारून, चारचौघांत नेसवायचे. वाईट हेतूनं नव्हे. त्यांना खरोखर वाटायचं, की गोष्ट चांगली सांगितली की ती थोडी चांगली होते. इतकी वर्षं खचाखच गाडीत त्यांनी भांडणारी माणसं थापा मारूनच गार केली होती.

चांगुणाबाईंना हे जमत नव्हतं. फोन बंद झाला की त्या म्हणायच्या, "गालफाडं बसल्याती पोरीची."

"तिकडच्या उजेडानं तसं दिसतं."

"उजेडानं गालफाडं बसत्यात व्हय? नुसत्या भाताव ऱ्हाती ती. आन् आज हासली न्हाई एकदाबी, तुमच्या ध्यानात तरी आलं का?"

"सर्दी झालीया तिला."

सर्दी नव्हती. किंवा होती, पण महिनाभर उतरत नव्हती. नाताळनंतरचे ते दिवस असे होते, की तिकडं दुपारीच अंधार पडायचा, आणि करुणाचं बोलणं हळूहळू आखडत गेलं. 'बरं आहे.' 'झालं जेवण.' 'चाललंय.' शंकरराव मग तिच्या वाटचंही आपणच बोलायचे.

एप्रिलात जयंती आली. सम्राट म्हणाला, "आबा, करुणाताईचा फोटो द्या. फाट्यावर फ्लेक्स लावायचाय. आपल्या वस्तीतनं पहिली पोरगी गेलीय, गावाला दिसू द्या." फ्लेक्स लागला. निळं आभाळ, त्यात करुणा, आणि अजून न मिळालेली पदवीची काळी टोपी कंप्युटरवरच तिच्या डोक्यावर चढवलेली. मिरवणुकीआधी शंकररावांना शाल घातली. मारुतरावही आले होते. त्यांनी 'रामराम' केला, शंकररावांनी 'जयभीम' केला, आणि मारुतराव फ्लेक्सकडं मान वर करून म्हणाले, "कंडक्टर, थापा मारता मारता एक गोष्ट खरी करून दावली राव तुम्ही."

शंकररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोट भरलेलंच होतं.

त्याच्या पुढच्याच रविवारी फोन आला. चांगुणाबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. पडद्यावर करुणा नुसतीच बसली होती. मग म्हणाली,

"आबा, मी दोन विषयांत नापास झाले."

चांगुणाबाईंचे हात थांबले.

"नापास? तू?"

"जानेवारीत आजारी होते ना. निबंध लिहून द्यायचे होते. आमच्या बाईंनी मला थांबवून विचारलं होतं, बरं दिसत नाही तुझं, वेळ वाढवून देऊ का? मी म्हटलं, नको, जमेल."

"मंग?"

"मग काय. 'छान' म्हणाल्या अन् गेल्या." करुणा जरा थांबली. "मी दारातच उभी राहिले, आबा. मला वाटलं, वळतील. परत विचारतील. त्या जिन्यावरनं खाली जाईपर्यंत मी तिथं उभी होते."

शंकररावांच्या आतून कुठंतरी धोंडिबाचं ताठ बसलेलं, उपाशी तोंड त्यांच्याकडं बघत होतं.

"दुसऱ्यांदा आसंल की परीक्षा," ते म्हणाले.

"ऑगस्टात परत लिहून देता येतं. पण माझ्यानं होत नाही आता. आठ-आठ दिवस कुणाशी बोलत नाही मी. दुकानात पिशवी हवी का विचारतात, तेवढंच. परवा मी माझाच आवाज ऐकून दचकले." तिनं खाली बघितलं. "आबा, मी घरी येऊ का?"

इथं त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. करुणा शिरूरला वसतिगृहात असताना दर शनिवारी घरी यायची. दारात आली की शंकरराव आडवे उभे राहायचे. "कोन पायजे? जागा न्हाई हितं. तुझी खोली म्हशीला दिली." आणि करुणा त्यांना खांद्यानं ढकलून आत शिरायची. "म्हशीला काढा बाहेर. मी आले." हे इतक्या शनिवारी झालं होतं, की ते झाल्याशिवाय ती घरी आली असं कुणाला वाटत नसे. त्यांच्याकडं म्हैस कधीच नव्हती.

तर करुणानं विचारलं, 'घरी येऊ का', आणि शंकररावांना भरून आलं की ते घाबरले, त्यांना कळलं नाही. फाट्यावरचा फ्लेक्स त्यांच्या डोळ्यांपुढून फडफडत गेला, खांद्यावरची शाल गेली, मारुतरावांची वर झालेली मान गेली. आणि तोंड, ते नेहमीचंच तोंड, ब्रेक लागायच्या आत दोन हात पुढं गेलं.

"जागा न्हाई हितं. तुझी खोली म्हशीला दिली," ते मोठ्यानं हसले. "आन् आता फ्लेक्सवरनं उतरून पायी येनार व्हय घरी? मंग गावानं हार घिऊन कुनाकडं बघायचं?"

आणि ते थांबले. फोन तोंडाजवळ धरून, हसू तसंच ठेवून थांबले. आता ती म्हणेल, म्हशीला काढा बाहेर. आता म्हणेल, आबा, खरंच येते. एकदा म्हणाली की त्यांचं 'ये' तयार होतं. अगदी ओठावर होतं.

"बरं, आबा," करुणा म्हणाली. ती हसलीही किंचित. अंगावर पाऊस आलेला पुसावा तसा तिनं गालावरून हात फिरवला. "ठेवते."

फोन बंद झाला.

चांगुणाबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"मस्करी कळती तिला," शंकरराव म्हणाले.

"लावा परत."

"लावतो की. तीच लावंल बघ आत्ता."

"तुम्ही लावा."

"जरा दम धर की. लगीच फोन केला तर पोरीला वाटंल, म्हातारा घाबरला."

सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. ऊन उंबऱ्यातून बाहेर गेलं, अंगणात गेलं, भिंतीवर चढलं, तरी फोन वाजला नाही. शेवटी शंकररावांनी लावला. तिकडं वाजत राहिला. थोड्या वेळानं पडद्यावर एक पिवळा अंगठा आला. उभा.

"हे काय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"अंगठा. म्हंजी ठीक हाय, आसं."

चांगुणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानापासून सातबाऱ्यापर्यंत त्यांनी जन्मभर अंगठाच उमटवला होता. त्यांनी त्या पिवळ्या बोटाकडं बराच वेळ बघितलं. "एवढं शिकून पोरगी अंगठ्याव आली," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

पुढच्या रविवारी मात्र शंकररावांनी थट्टा केली नाही. करुणानं फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "पोरी, ये तू. तुझी खोली तशीच हाय."

"नको, आबा."

हे ऐकून त्यांना उलट हायसं वाटलं. पहिलं 'नको' म्हणजे काय, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? ते सावरून बसले आणि पंगतीत वाढपी लागतो तसे मागं लागले. "नको कसं? ये गं. परीक्षा गेली खड्ड्यात. फ्लेक्सबी काढाया सांगतो त्या सम्राटला. आजीनं गादी उनात टाकलीया तुझी."

"आबा, नको म्हटलं ना."

"आगं, तू नको म्हनतीस म्हंजी…"

"म्हंजी नको." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "इथं एकदा नको म्हटलं की तिथंच संपतं, आबा. आधी फार वाईट वाटायचं मला त्याचं. आता बरं वाटतं. कुणी मागं लागत नाही."

"आम्ही मागं लागायचं न्हाई व्हय तुझ्या?"

पलीकडं तिच्या मागं एक दार उघडून बंद झालं.

"मी त्या दिवशी कसं विचारलं होतं, आबा," ती म्हणाली, "ते माझं मला माहिती. परत नाही व्हायचं माझ्यानं."

त्यानंतर अंगठेच येत राहिले. शंकरराव रोज सकाळी फोन लावत, आणि दुपारपर्यंत अंगठा येई. कधी कधी संध्याकाळपर्यंत. ऑगस्ट आला आणि गेला. पोळ्याच्या सुमाराला रोहन दौंडहून आला. पाणीही न पिता पायरीवर बसला.

"आबा, ती बसलीच न्हाई परीक्षेला. कॉलेजची खोली सोडलीया. दुसऱ्या कुठल्या गावात गेलीय, गोदामात सामान भरायचं काम करती म्हणं."

"कुनी सांगितलं?"

"तिनंच. मी म्हणलो, ये घरी, तिकीट काढतो. तर म्हणली, पप्पा, मला आता हे विचारत जाऊ नका. विचारायचं असलं तर मी फोन घेणार न्हाई." रोहननं बापाकडं बघितलं. "तुमच्याशी काय बोलली व्हती का ती? मधी कवा?"

"काय न्हाई," शंकरराव म्हणाले. "ख्यालीखुशाली."

स्वयंपाकघरात भांडं जोरात आदळलं. बास, एवढंच.

गणपतीत फाट्यावरच्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा दुसरा फ्लेक्स चढला. खालून करुणाच्या काळ्या टोपीचं एक टोक आणि एक कान दिसत राहिला. शंकरराव त्या बाजूनं जायचे बंद झाले. पण म्हाळूच्या हॉटेलात जायचे ते बंद झाले नाहीत. उलट आता सकाळ-संध्याकाळ जाऊ लागले. घरात बोलायला कुणी नव्हतं. चांगुणाबाई ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, विचारलं तर 'हं' म्हणायच्या. हॉटेलात थापा मात्र वाढत चालल्या. करुणानं आता जमिनीवर कान लावून खाली कुठं मडकं आहे ते ओळखायला सुरुवात केली होती. तिकडच्या लोकांनी तिच्या मापाचं फावडं चांदीचं करून घेतलं होतं. शंकररावांच्या अंगात जोर उरला नव्हता, पण जीभ अशी पळत होती, जशी उतारावर चालकाविना सुटलेली गाडी.

दिवाळीच्या आधी चांगुणाबाईंचे डोळे तपासायला त्यांना दौंडला न्यायचं ठरलं. रोहननं नंबर लावून ठेवला होता. सकाळची गाडी यायला उशीर होता, म्हणून दोघं म्हाळूच्या हॉटेलात टेकली. इतक्या वर्षांत चांगुणाबाई तिथं पहिल्यांदाच बसत होत्या. भिंतीकडच्या बाकाच्या टोकाला, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. म्हाळूनं घाईघाईनं फडकं मारलं.

"आज्जी, चहा?"

"नको, बाबा."

"घ्या की वो. पहिल्यांदाच आलाय आमच्याकडं. साखर कमी टाकतो."

"बरं, दे मंग आर्धा," चांगुणाबाई म्हणाल्या.

मारुतराव आपल्या जागेवर होतेच. कांद्याच्या रोपांना कुठला मोसम धार्जिणा नाही इथून सुरू होऊन बोलणं फिरत फिरत करुणावर आलं. ते तसं यायचंच.

"कंडक्टर, वरीस झालं की. नातीचं शिक्षान संपलं आसंल. येनार कवा पोरगी?"

शंकररावांनी एकदा बायकोकडं बघितलं. ती रस्त्याकडं बघत होती. त्यांनी घसा साफ केला.

"येती कशाची! सोडायलाच तयार न्हाईत लोकं. कालेजची मोठी बाई तिच्या दारात येऊन बसली. म्हनती, करुणा, तू गेलीस तर हितल्या मडक्यांशी बोलनार कोन? ह्या पोरीच्या हातात मडकं दिलं की नुसत्या वासाव सांगती, ह्यात तीन हजार वर्सांमागं काय शिजलं व्हतं. आन् कुनी शिजीवलं व्हतं, सासूनं का सुनंनं, हेबी."

"आयला!" म्हाळू म्हणाला.

"मंग! खोली दिली, गाडी दिली, पायजे त्या भाजीचा वाफा लावून दिला दारात. आता आसं आसल्याव कोन सोडतंय?"

"पन तुम्ही तरी म्हना की, ये म्हनून," मारुतराव म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "म्हातारा-म्हातारी किती दिस वाट बघनार?"

"म्हनत न्हाई व्हय?" शंकररावांचा आवाज खाली आला. या गोष्टीत आता खरंखुरं काहीतरी मिसळलं होतं, आणि त्यानं थाप आणखीच घट्ट झाली. "रोज म्हनतो. पहिल्यापासनं म्हनतोय. पोरी, ये, खोली झाडून ठिवलीया, आजी वाट बघती. हात जोडलं मी तिला. तीच म्हनती, नको आबा, मी न्हाई येनार. मला न्हाई यायचं तिकडं."

मारुतरावांनी सुस्कारा टाकला. बशी खाली ठेवली.

"शिकली की आशीच हुत्यात पोरं. विलायतेचं वारं लागलं तिला, दुसरं काय. जिनं सांभाळून मोठं केलं, त्या आज्जीचीबी सय येत न्हाई. पोटच्या पोरीवानी वाढीवलं, आन् शेवटी कुनाचं कोन!"

शंकरराव जमिनीकडं बघत होते. त्यांनी हळूच मान हालवली.

"व्हय," ते म्हणाले. "वारंच लागलं."

दौंडची गाडी फाट्यावर वळून उभी राहिली. कंडक्टरनं दार आपटून उघडलं. शंकरराव पिशवी घ्यायला वाकले, पण चांगुणाबाई पिशवी सोडेनात. त्या उठल्या. परक्या पुरुषांत कधी तोंड न उघडणाऱ्या चांगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि मारुतरावांकडं वळून, सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हटलं,

"खोटं हाय ते, भावजी. माझ्या पोरीला नावं ठेवू नका. तिनं इचारलं व्हतं, 'आबा, घरी येऊ का?' ह्यांनी नको म्हनलं."